केनेथ स्ट्राँग

स्ट्राँग, मेजर जनरल सर केनेथ (१९००–१९८२) : दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे अमेरिकी सरसेनापती जनरल आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाचे ब्रिटिश गुप्तवार्ता प्रमुख. जन्म स्कॉटलंडमधील माँट्रोझचा. ‘रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स’ या पलटणीतून ते सैन्यात आले. १९२०नंतरच्या धामधुमीत आयर्लंडमध्ये गुप्तवार्तेचे काम करताना ते कधी कधी गाढवाच्या छोट्या गाडीवाल्याचे सोंग घेत. पण तोंड उघडले की इंग्रजी हेल दगा देई. पुढे बर्लिनच्या वकिलातीत नेमणूक झाली आणि जर्मन सेनाधिकाऱ्यांची भाषा व विचार करण्याची रीत त्यांनी जवळून पाहिली. नंतरच्या सगळ्या कामगिरीची खरी पुंजी हीच.

फेब्रुवारी १९४३मध्ये ट्युनिशियातील कासरीन खिंडीत अमेरिकी सैन्याला जबर मार बसला. शत्रूचा अंदाज चुकला म्हणून आयझेनहॉवर यांनी गुप्तवार्ता प्रमुख बदलून मागितला आणि स्ट्राँग यांची निवड झाली. त्याच ऑगस्टमध्ये ते व आयझेनहॉवर यांचे प्रमुख सहायक (चीफ ऑफ स्टाफ) जनरल बेडेल स्मिथ नागरी वेशात लिस्बनला गेले आणि इटलीच्या जनरल कास्तेल्लानो यांच्याशी शरणागतीच्या वाटाघाटी केल्या.

स्ट्राँग यांचेही अंदाज चुकले, हे मान्य करायला हवे. ऑगस्ट १९४४अखेर त्यांच्या विभागाच्या अहवालाने पश्चिमेकडील शत्रू जवळपास संपल्याचे सांगितले होते. त्यानंतर मात्र नेदरलँड्समधील आर्नेमजवळच्या जर्मन चिलखती तुकड्यांचा इशारा दिला गेला, तो ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी झटकून टाकला. डिसेंबरच्या सुरुवातीला बेल्जियममधील आर्देनच्या जंगलाकडून धोका संभवतो हे सांगायला स्ट्राँग स्वतः अमेरिकी सेनापती जनरल ब्रॅडली यांच्याकडे गेले. ‘येऊ द्या त्यांना’ असे उत्तर मिळाले. १६ डिसेंबरला हल्ला आलाच. बातमी हाती असणे आणि ती सेनापतीच्या गळी उतरणे यांतले अंतर या प्रसंगात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दिसते.

जर्मन मुसंडीने ब्रॅडली यांची आघाडी दुभंगली, तेव्हा उत्तरेकडील भाग माँटगोमेरींकडे सोपवावा असे स्ट्राँग व त्यांचे सहकारी व्हाइटली यांनी बेडेल स्मिथना रात्री उठवून सांगितले. स्मिथ भडकले, दोघांनाही शिव्या घातल्या. सकाळी मात्र स्मिथ यांनीच हा सल्ला आयझेनहॉवर यांच्यापुढे ठेवला आणि तो मान्य झाला. दोघे ब्रिटिश अधिकारी अमेरिकी सेनापतीची फौज ब्रिटिश सेनापतीला द्या म्हणत होते; हे बोलायला धैर्यच लागते.

७ मे १९४५ रोजी पहाटे फ्रान्समधील रॅन्स येथील शाळेच्या इमारतीत जर्मन सेनापती योडल यांनी जर्मनीच्या शरणागतीवर सही केली, तेव्हा दुभाषी म्हणून स्ट्राँगच होते.

१९४६मध्ये ते ब्रिटनच्या ‘जॉइंट इंटेलिजन्स ब्यूरो’चे पहिले संचालक झाले. बंदरे, रस्ते, कारखाने यांची माहिती गोळा करणे हे त्या कचेरीचे काम. १९६४मध्ये तिन्ही दलांचे गुप्तवार्ता विभाग एकत्र आले आणि त्यांचे महासंचालकपद स्ट्राँग यांच्याकडे आले. १९६६मध्ये ते निवृत्त झाले. दोन वर्षांनी त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या.