नाव दिल्लीचं, टांकसाळ भोसल्यांची

नागपुरातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाला चांदीचे जुने रुपये मांडतात. त्यात एखादा भोसलेकालीन निघालाच, तर त्यावर रघूजी किंवा जानोजी या नागपूरकर भोसले राजांचं नाव शोधू नये. मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचं. १७५१ मध्ये ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला. तिथल्या कटकच्या टांकसाळीतले रुपये अहमदशहाच्या नावाने पडत राहिले. हा बादशहा १७५४ मध्येच तख्तावरून उतरवला गेला होता!

असं का, हे समजायला मागे जावं लागतं. रामटेकच्या टेकडीवर ज्याच्या काळातला शिलालेख आहे, त्या रामचंद्र यादवाची सोन्याची नाणी मिळतात. मधोमध कमळ, भोवती वेगवेगळे ठसे, त्यात देवनागरीत राजाचं नाव. हेच ते पद्मटंक. पुढे सुलतानांच्या काळात खुतबा आणि सिक्का ही राज्याधिकाराची दोन चिन्हं ठरली. जुम्म्याच्या नमाजात ज्याचं नाव घेतलं जातं आणि नाण्यावर ज्याचं नाव असतं, तो धनी. अलाउद्दीन खलजीने नाण्यावर स्वतःला ‘दुसरा सिकंदर’ म्हणवून घेतलं. मुहम्मद तुघलकाने तर पितळ-तांब्याला चांदीच्या टंकाचं मोल दिलं आणि वर कोरलं, की सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो. लोकांनी घरोघरी खोटी नाणी पाडली. आज्ञेने धातूची किंमत वाढत नाही.

नाण्यावर ज्याचं नाव तो धनी, म्हणूनच देवगडच्या (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याजवळचं) जाटबा या गोंड राजाने स्वतःच्या नावाची तांब्याची नाणी पाडली, ही बाब मला मोठी वाटते. त्याची नोंद अकबराच्या दरबारातल्या ‘आईने अकबरी’त आहे, म्हणजे डोक्यावर मुघल होतेच. शिवाजी महाराजांच्या शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. तिथे दिल्लीला जागाच नाही.

मग नागपूरकर भोसले मागे का गेले? एक तर छत्रपतींची गादी साताऱ्याला, हे सेनासाहेबसुभा, म्हणजे छत्रपतींनी दिलेल्या किताबाचे सरदार. दुसरं कारण बाजाराचं. सराफ ओळखीचा ठसा पाहून रुपया घेई, अनोळखी नाण्यावर बट्टा कापी.

गंमत म्हणजे ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून बादशहाचं नावही बहुधा अर्धंच उमटे.