शाळकरी मुलांसाठी निसर्गशिक्षण केंद्र काढताय? पुणे जिल्ह्यातली पात्रता, कागदपत्रं आणि अर्जांचा क्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत. त्यामुळे मुलांना वर्गाबाहेर न्यायला शाळांना जागा हव्या आहेत. मुळशी, मावळ, भोर आणि राजगड (जुनं नाव वेल्हे) तालुक्यांत पालक, निवृत्त शिक्षक, ट्रेकर आणि गावकरी एकत्र येऊन असं केंद्र चालवू शकतात, आणि अशी केंद्रं उभी राहावीत असं मला मनापासून वाटतं. पण अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न प्रत्येक गटापुढे येतो. ‘निसर्गशिक्षण केंद्र’ नावाचा एकच परवाना नाही. जमिनीचा विषय महसूल खात्याकडे, संस्था धर्मादाय कार्यालयाकडे, साहसी उपक्रम पर्यटन संचालनालयाकडे आणि शाळेची सहल शिक्षण विभागाकडे, अशी ही विभागणी आहे. त्यातही जमीन आधी तपासा. बहुतेक गट आधी संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह ठरवतात आणि मग जमिनीपाशी अडतात.

जमीन: इसार देण्याआधी

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला, म्हणजे तुमच्या ट्रस्टलाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘विकत कुठे घेतोय, तीस वर्षांच्या लीजवर तर घेतोय’ असं म्हणून सुटका होत नाही.

डिजिटल सातबारा काढला की क्षेत्र आणि मालकाचं नाव बघून थांबू नका. वरच्या बाजूला भूधारणा पद्धती लिहिलेली असते. तिथे ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. मग उजवीकडचा ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना शब्द न् शब्द वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरचं बंधन, हे सगळं तिथे सापडतं. डोंगराळ तालुक्यांत आणखी एक शेरा हमखास बघायचा: खाजगी वन. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली नोंद असलेली जमीन सातबाऱ्यावर एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर दिसत असली, तरी तिथे तंबूचा ओटा बांधणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. शेऱ्यापुढे फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तलाठ्याकडून तो फेरफार काढून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सरपंच आपुलकीने गायरान देऊ करतील. नम्रपणे नाही म्हणा. १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानंतर गायरान खाजगी संस्थेला देण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे. पुण्याच्या हद्दीतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण किंवा डोंगरमाथा-डोंगरउताराचं बंधन असतं, तेव्हा महापालिकेकडून किंवा पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला, म्हणजे जागा कुठल्या वापरासाठी ठरवली आहे ते सांगणारा कागद, आधी घ्या. धरणाकाठची जागा असेल तर जलसंपदा विभागाची हद्दही विचारून घ्या.

मग करायचं काय? माझ्या मते लोकसहभागातल्या केंद्रासाठी सगळ्यात सरळ मार्ग असा: गटात गावातला शेतकरी असावा, जमीन त्याच्याच नावावर राहावी, आणि त्याने २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करावी. त्यासाठी सातबारा, आधार, पॅन, वीजबिल आणि अन्न सुरक्षा परवाना लागतो. मुलांचे कार्यक्रम संस्था चालवते, आणि दोघांमध्ये कामाचा लेखी करार होतो. शेतकऱ्याची जमीन त्याच्याकडेच राहते आणि गावाचा विश्वासही टिकतो. करारात पाणी, शौचालय, स्वयंपाक आणि अपघाताची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहा. हा मसुदा महसुली कामं करणाऱ्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या.

संस्था: पात्रता आणि कागदपत्रं

१८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान ७ सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही होते, म्हणून तिला दोन क्रमांक मिळतात. त्यातला न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा, क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. फक्त ट्रस्ट केला तर माणसं कमी लागतात, पण कारभार मोजक्या विश्वस्तांच्या हातात राहतो. केंद्र खरोखर लोकांनी चालवायचं असेल तर सोसायटी बरी, कारण तिथे सर्वसाधारण सभा भरते आणि सदस्यांना मत असतं.

अर्ज पुण्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे ऑनलाइन करायचा. सोबत लागतं ते असं: संस्थेचं ज्ञापन (उद्दिष्टं सांगणारा मूळ दस्त, मेमोरँडम) आणि नियमावली, स्थापनेच्या सभेचा ठराव, सर्व सदस्यांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, संमतीपत्रं, फोटो, नोंदणीकृत कार्यालयाच्या जागामालकाचं ना-हरकत पत्र, त्या जागेचं वीजबिल आणि प्रतिज्ञापत्र. न्यासाच्या नोंदणीचा अर्ज परिशिष्ट २ मध्ये असतो. आधारवरचं नाव आणि संमतीपत्रावरचं नाव अक्षरशः जुळू द्या. ‘विठ्ठलराव’ आणि ‘विठ्ठल’ एवढ्या फरकानेही त्रुटी निघू शकते. ज्ञापनातल्या उद्दिष्टांत शालेय मुलांचं निसर्गशिक्षण, साहसी प्रशिक्षण आणि निवासी शिबिरं हे तिन्ही शब्द आजच घाला. नंतर उद्दिष्ट बदलायचं तर सगळी वाट पुन्हा चालावी लागते.

नोंदणीनंतर संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खातं काढा. देणग्या घ्यायच्या असतील तर आयकर विभागाची नोंदणीही करा.

दोर, तंबू, डोंगर

फक्त शेत, ओढा आणि पक्षी दाखवणार असाल तर हा भाग तुमच्यासाठी लहान आहे. पण रॅपलिंग, प्रस्तरारोहण, झिपलाइन, ट्रेक, तंबूतला मुक्काम यांतलं काहीही असेल, तर २४ ऑगस्ट २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाकडे नोंदणी करा. ती आधी तात्पुरती आणि मग अंतिम मिळते. ‘आम्ही ना नफा तत्त्वावर चालतो’ म्हणून ही नोंदणी टाळू नये. दोराला धरून उतरणारं मूल नफ्यासाठी उतरतंय की सेवेसाठी, याने दोराची ताकद बदलत नाही.

इथे प्रशिक्षकांची पात्रता कळीची ठरते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था अशा ठिकाणची प्रमाणपत्रं, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, साहित्याची यादी आणि खरेदीची बिलं, विमा आणि आपत्कालीन आराखडा तयार ठेवा. आराखड्यात ‘जवळचं रुग्णालय’ एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं औषध असतं, पावसाळ्यात तिथवर गाडी जाते का, १०८ ला फोन लावायला रेंज कुठल्या वळणावर येते, हे प्रत्यक्ष जाऊन बघून लिहा.

राखीव वनात शिरणार असाल तर उपवनसंरक्षकांची परवानगी लागते. किल्ल्यावर कार्यक्रम असेल तर किल्ला कोणाच्या ताब्यात आहे ते बघा: लोहगड आणि शिवनेरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे.

शाळेला द्यायची फाइल

मुख्याध्यापकांना शिक्षणाधिकाऱ्यांची सहल-परवानगी मिळवायची असते. जिल्हा परिषदेत प्राथमिक आणि माध्यमिक असे वेगळे शिक्षणाधिकारी आहेत, महापालिकेच्या शाळांसाठी मनपाचा शिक्षण विभाग. त्यांचं काम सोपं करायचं तर नोंदणी प्रमाणपत्रं, प्रशिक्षकांची नावं आणि पात्रता, दिवसभराचं वेळापत्रक, विमा आणि पालकांच्या संमतीपत्राचा नमुना असलेली तयार फाइल द्या. संमतीपत्रात दमा, फिट, ॲलर्जी आणि चालू औषधं यांच्यासाठी स्वतंत्र ओळी ठेवा, ‘काही आजार?’ या एका ओळीत पालक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. प्रवासाला एसटी करा. शैक्षणिक सहलीसाठी शाळांना ५० टक्के सवलत मिळते, आणि लहान शाळांचं जाणं-न जाणं पुष्कळदा एवढ्यावरच ठरतं.

केंद्रावरच्या प्रत्येक माणसाची, स्वयंपाकाच्या मावशी आणि रखवालदार यांच्यासकट, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. पोक्सो कायदा २०१२ नुसार मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. हे कार्यकर्त्यांना पहिल्याच बैठकीत सांगा आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना दिसेल अशा उंचीवर लावा.

नोंदणी झाल्यावर दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कार्यकारिणीत कोणीही बदललं की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, आणि दरवर्षीचे हिशोब लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयात भरायचे. हे काम सचिवाबरोबर आणखी एका सदस्यालाही येत असू द्या.