ऊर्जा मुबलक, अडचण साठवणीची

१८५९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकने विहीर खणली, तेव्हा जेमतेम २१ मीटरवर तेल लागले. आज काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटर समुद्र आणि त्याखाली आणखी काही किलोमीटर खडक पार करावा लागतो. तेल दुर्मीळ होते ते असे. शेवटचा थेंब कोणी उपसणार नाही. तो वर आणायला लागणारी ऊर्जा आणि खर्च परवडेनासा झाला, की उपसा त्याआधीच थांबेल.

तेल अमुक साली संपणार, अशा भाकितांवर मात्र माझा विश्वास नाही. भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये सांगितले होते, की अमेरिकेचे तेल उत्पादन १९७०च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागेल. तसे झालेही. पण पुढे शेल खडक फोडून तेल काढायचे तंत्र आले आणि उत्पादन त्या शिखराच्याही वर गेले.

खरा प्रश्न वेगळाच आहे. पृथ्वीवर साधारण तासाभरात येणाऱ्या सूर्यप्रकाशात जेवढी ऊर्जा असते, तेवढी सगळी मानवजात वर्षभर वापरते. वारा, पाणी, अणुऊर्जा आणखी वेगळी. म्हणजे ऊर्जेला तोटा नाही. तेलाने आपल्याला खरी सवय लावली ती साठवणीची. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर एक किलो चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये साधारण पाव युनिट. जवळजवळ पन्नास पटींचा फरक!

हा आकडा ऐकून धीर सुटतो, पण तो अर्धवट आहे. पेट्रोल इंजिन सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवते. विजेची मोटर मात्र ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी लावते. हा हिशेब धरला तर फरक दहा-पंधरा पटींवर येतो आणि जमिनीवरच्या गाडीला बॅटरीचे तेवढे वजन पेलवते.

या लिथियम-आयन बॅटरीच्या जन्माची कथा मला फार मोलाची वाटते. १९७०च्या दशकात, तेलसंकटाच्या काळात, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची पुन्हा भारित होणारी बॅटरी बनवली ती एक्सॉन या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्यात धातुरूप लिथियम असल्याने ती पेट घेण्याचा धोका होता. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी धन टोकासाठी कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) दुपटीच्या आसपास नेला. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी धोकादायक लिथियम धातू काढून ऋण टोकाला पेट्रोलियम कोक बसवला. हा कोक म्हणजे तेलशुद्धीकरणात उरणारा कार्बन. त्याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, शिरतात आणि बाहेर पडतात. १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आली आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. तेलाला पर्याय शोधण्याचे काम तेल स्वस्त असतानाही नेटाने चालू ठेवायला हवे, असे मी म्हणतो ते यामुळेच. पहिल्या प्रयोगापासून बाजारापर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षे गेली.

पिकांपासून इंधन करण्याबद्दल मला फारशी आशा नाही. शेतातली पिके सूर्यप्रकाशातली बहुधा एखादा टक्का ऊर्जाच साठवतात. आजचे सौर पॅनेल २० टक्क्यांहून अधिक प्रकाशाची वीज करतात.

हायड्रोजनचे वेगळे. किलोमागे ३३ युनिट, म्हणजे पेट्रोलच्या पावणेतीनपट! पण तो वायू आहे. द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान हवे. शिवाय पाण्यापासून तो वेगळा करायला आधी वीज खर्च करावी लागते.

सगळ्यात अवघड आहे ते लांब पल्ल्याचे विमान, कारण तिथे किलो-किलोचा हिशेब असतो. विजेने मिळवलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून विमानाचे इंधन कृत्रिमरीत्या तयार करता येते. त्यासाठी वापरता येणारी फिशर-ट्रॉप्श प्रक्रिया १९२०च्या दशकापासून ठाऊक आहे. मात्र वीज ते इंधन या वाटेवर जवळजवळ निम्मी ऊर्जा खर्ची पडते. म्हणून असे इंधन मोटारीत जाळू नये, विमानांसाठी राखून ठेवावे.