गिटारला गंज लागू लागला कधीपासून?

दोनशे वर्षांपूर्वी गिटार वाजवणाऱ्याला तार तुटायची धास्ती असे, गंजायची नव्हे. वरच्या तीन तारा जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातेच्या. खालच्या तिन्हींचा गाभा रेशमाचा आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. खुंट्या लाकडी, तारा जिथे बांधतात तो ब्रिजही लाकडी. दमट हवेत तात फुगे, सूर हलत, ऐन वेळी ती तटकन तुटे. तांब्याची गुंडाळी फार तर काळवंडे. तांबं आणि चांदी काळी पडतात, कळकतात, पण त्यांना लोखंडासारखा पोपडे धरणारा, आत आत खात जाणारा गंज लागत नाही. तेव्हा गिटार ठेवायची कशी, हा प्रश्न लाकूड जपण्यापुरताच होता.

लोखंड गिटारवर आलं ते पियानोच्या मागून. 1854 मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने पोलादी तार तापवून-निववून तिची ताकद खूप वाढवण्याची रीत शोधली, आणि पियानोला प्रचंड ताण सोसणारी तार मिळाली. पुढे मोठ्या सभागृहांत, इतर वाद्यांच्या गोंगाटात गिटार ऐकू जावी म्हणून तशीच तार तिच्यावर चढली. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1922 मध्ये खास पोलादी तारांसाठी बांधलेली गिटार नेहमीच्या उत्पादनात आणली. ताण किती वाढला? आजच्या हलक्या पोलादी संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो, नायलॉनच्या संचाचा साधारण चाळीसच्या आसपास राहतो. त्या ओढीने मान वाकू नये म्हणून गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यूने मानेच्या आत फिरवता येणारी पोलादी सळई बसवली. तिचं पेटंट 1923 चं. म्हणजे आता वाद्याच्या पोटातही लोखंड शिरलं, तेही नजरेआड. तारा गंजल्या तर बदलता येतात. त्या सळईचं नट गंजून जाम झालं तर कारागिराच्याही कपाळावर आठ्या येतात.

इलेक्ट्रिक गिटारने उरलीसुरली सवलतही काढून घेतली. तिच्यातला पिकअप तारेच्या कंपनांची वीज करतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वरची तार चुंबकाला प्रतिसाद देणारी असेल तरच त्यात वीज निर्माण होते. तात किंवा नायलॉन तिथे मुकी. म्हणजे गंजू शकणारा धातू इथे सक्तीचाच. शिवाय 1950 च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या पिकअपमध्ये अल्निको चुंबकांच्या दांड्या थेट तारांखाली उघड्या. अल्निकोत ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलं तरी लोखंड भरपूर असतं, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या हाताचा घाम झेलणाऱ्या त्या दांड्यांची टोकं जुन्या गिटारवर तांबूस झालेली हमखास दिसतात. ब्रिज, स्क्रू, खुंट्या यांवर निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा आला. पण मुलाम्याला बारीक छिद्रं असतात आणि गंज तिथूनच आत जातो. वर चकाकी आणि खाली पोखरण, असा तो प्रकार.

शास्त्रीय गिटार मात्र या फेऱ्यातून सुटली, आणि तीही युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेतल्या टाक्यांसाठी हवी होती, वाद्यांसाठी मिळेना. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, विख्यात स्पॅनिश गिटारवादक आंद्रे सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या, आणि तात मागे पडली.

पोलादी तारांच्या ॲकूस्टिक गिटारला वेगळंच दुखणं जडलं. तिच्या जाड तारांचा गाभा पोलादाचा आणि वरची गुंडाळी ब्राँझची. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी विद्युतघटमालाच. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये हेच तत्त्व उलट बाजूने वापरलं होतं. जहाजाच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याने त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. ते झिजले, तांबं टिकलं. गिटारच्या तारेत बळीचा बकरा आतला गाभा. 1974 मध्ये डॅडारियो कंपनीने आणलेलं फॉस्फर ब्राँझ आवाज जास्त दिवस उजळ ठेवतं म्हणून लोकप्रिय झालं. गुंडाळी सुधारली, गाभा पोलादीच राहिला.

लोखंड गंजतं कसं, याचा उलगडाही याच काळातला. 1903 मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलिस व्हिटनीने गंज ही विद्युतरासायनिक क्रिया असल्याचं मांडलं. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये व्हर्नन या संशोधकाने दाखवलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेखाली असेपर्यंत लोखंड जवळपास स्वस्थ असतं. ही मर्यादा साधारण साठ टक्के. ती ओलांडली की गंज एकदम वेग घेतो. घामातलं मीठ मात्र स्वतःच ओल ओढून घेतं, म्हणून न पुसता ठेवलेल्या तारेला त्याहून कमी आर्द्रतेतही गंज लागतो. माझ्या मते साठवणुकीच्या सगळ्या सल्ल्यांत फडक्याने तारा पुसणं पहिल्या क्रमांकावर हवं. ते फुकट आहे म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

मग हवा कोरडीठाक करून टाकावी, असं वाटणं साहजिक आहे. साधनही तयार होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वॉल्टर पॅट्रिकला 1919 मध्ये सिलिका जेलचं, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचं, पेटंट मिळालं, आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याची उपकरणं कोरडी ठेवायला ते सर्रास वापरलं गेलं. त्या पुड्या पुढे गिटारच्या केसमध्येही आल्या. पण बंदुकीचे सुटे भाग आणि गिटार यांत फरक आहे. गिटारचं लाकूड फार सुकलं की आकसतं, पुढची फळी तडकते, मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. लोखंडाला जितकं कोरडं तितकं बरं. लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. ही अरुंद पट्टी साठच्या खालीच येते, एवढाच काय तो दिलासा.

या पट्टीत राहायचं तर ओल शोषून घेणारी आणि गरज पडल्यास परत देणारी वस्तू हवी. रसायनशास्त्रात ती जुनीच होती: क्षाराचं संपृक्त द्रावण, म्हणजे ज्यात आणखी क्षार विरघळणार नाही असं पाणी, बंद जागेतली आर्द्रता ठरावीक पातळीवर धरून ठेवतं. साधं मीठ सुमारे पंचाहत्तर टक्क्यांवर, मॅग्नेशियम नायट्रेट त्रेपन्नच्या जवळपास. आजच्या दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या आर्द्रता-पुड्या याच तत्त्वावर चालतात.

तारेला थेट कवच घालण्याचा यशस्वी प्रयत्न 1997 चा. गोर कंपनीने, जिचं नाव पाऊस अडवणाऱ्या कापडामुळे ठाऊक आहे, अतिपातळ फ्लुरोपॉलिमरचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकचं, आवरण चढवलेल्या एलिक्सिर तारा बाजारात आणल्या. आवरणामुळे घाम आणि मळ गुंडाळीच्या फटींत शिरत नाही. काही वादकांना ती तार बोटाखाली निसरडी वाटते, आवाजही किंचित मंद. हा वाद अजून मिटलेला नाही. आणि खुंटीपाशी तार कापली की त्या टोकाला पोलादी गाभा पुन्हा उघडाच पडतो.