तर्री ओतण्याआधी

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला एखाद्या मिसळीच्या ठिकाणी जा. बाहेर नाव लिहून ताटकळणारी माणसं, आतून काळ्या मसाल्याचा वास. बऱ्याच वेळाने ताट येतं: मटकी, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड, पाव, जिलेबी, शिवाय वेगळ्या वाटीत झणझणीत रस्सा. आणि आठ मिनिटांत सगळं फस्त, तेही अर्धं लक्ष मोबाइलमध्ये ठेवून. मीही त्यातलाच.

गंमत अशी की पचन सुरू झालेलं असतं ते बाहेर ताटकळतानाच. घंटी वाजली की लाळ गाळणारा पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. पण या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्याने काही कुत्र्यांची अन्ननलिका अशी वळवली होती की गिळलेला घास गळ्यातूनच बाहेर पडे. पोटात कणभरही जात नसे, तरी जठररस पाझरायचा. मेंदूकडून जठराकडे जाणारी व्हेगस नस कापली की पाझरणं बंद. माणसातही जेवणाच्या वेळी स्रवणाऱ्या आम्लापैकी सुमारे ३० टक्के आम्ल या दृष्टी-वास-चवीच्या टप्प्यातच सुटतं, असं शरीरशास्त्र सांगतं.

पूर्वी पंगतीत पानं वाढून झाली तरी श्लोक संपेपर्यंत हात लावायचा नाही, असा दंडक होता. लहानपणी तो छळ वाटायचा. समोर गरम वरणभात, त्यावर तूप, नाकात वास, आणि हात मांडीवर! जठराला मात्र तेवढ्यात वर्दी पोचलेली असायची.

आता एक प्रयोग. पावाचा कोरडा तुकडा रश्शात न बुडवता मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोडसर लागू लागेल. लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करून त्यातून माल्टोज ही साखर मोकळी करतं. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. घाईत गिळलेल्या घासाला ती नीट लागतच नाही. (‘बत्तीस वेळा चावा’ यात मात्र शास्त्र कमी आणि दातांची मोजदाद जास्त. घास मऊ झाला की पुरे.)

दुसरा प्रयोग रश्शाचा. नाक चिमटीत धरून चमचाभर रस्सा तोंडात घ्या. मीठ कळेल, आंबट कळेल, तिखटाची आगही होईल. पण दगडफूल, खोबरं, भाजलेला कांदा, सगळे गायब. नाक सोडून श्वास टाका, की घशामागून वास वर चढतो आणि मसाला एकदम ‘उमटतो’. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा असा नाकाचा. तिखट तर चवच नव्हे: मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग विझत नाही. ताटातल्या दह्याची वाटी त्यासाठीच. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं.

लक्ष देऊन खाल्ल्याने वजन उतरतं का? त्याचे पुरावे डळमळीत आहेत, मी तसा दावा करणार नाही. सततची जळजळ असेल तर डॉक्टरकडे जायला हवं, ती हळू चावून जाणार नाही. पण लक्ष दुसरीकडे असताना माणूस जास्त खातो, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पोट भरल्याचा निरोप आतड्यांतल्या संप्रेरकांमार्फत मेंदूला पुरता पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाढपी ‘पाव आणू?’ विचारतो तेव्हा आपलं जेमतेम सहावं मिनिट चालू असतं, आणि आपण ‘आण दोन’ म्हणून मोकळे होतो.

आणि गच्च पोटावर जिलेबी कशी जाते? एकाच चवीला मेंदू कंटाळतो, नव्या चवीला नाही. तिखटाची भूक मेलेली असते, गोडाची शाबूत. माझी आजी म्हणायची, गोडाला पोटात वेगळी खोली असते. खोली असते, फक्त ती पोटात नाही, जरा वर आहे.