लिंक्डइनवर पोस्ट टाकायची की आर्टिकल लिहायचं? दोन्ही एक नाहीत बरं का

लिंक्डइन उघडलं की वर 'स्टार्ट अ पोस्ट' दिसतं आणि त्याच्याच आसपास कुठेतरी 'राइट आर्टिकल'. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्हीत लिहायचंच असतं, म्हणून लोकांना वाटतं की छोटं लिहिलं तर पोस्ट आणि मोठं झालं की आर्टिकल, संपला विषय. पण लांबी हा फरक सगळ्यात शेवटचा आहे. पोस्टमध्ये ३००० कॅरेक्टर्स बसतात (आधी १३०० च होती), म्हणजे अगदीच चिमुकली जागा नाहीये ती, बऱ्यापैकी मोठा मजकूर मावतो. खरा फरक वाचक तुमच्यापर्यंत कसा येतो यात आहे, आणि मांडणीचे बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

पोस्टचा वाचक मुळात तुमच्याकडे आलेलाच नसतो. तो अंगठ्याने फीड सरकवत चाललेला असतो, तुमच्या वर कुणाचं तरी प्रमोशन, तुमच्या खाली कुणाचं तरी सर्टिफिकेट, आणि मधे तुमच्या पहिल्या दोन-तीन ओळी, मग 'मोर' (more), म्हणजे पुढचं उघडायचं बटण. ते 'मोर' दाबलं नाही तर पुढचं सगळं तुम्ही स्वतःसाठीच लिहिलंय असं समजा. फोनवर तर हे अजून लवकर कापलं जातं, आणि तुम्ही हौसेने पहिल्या वाक्यानंतर एक ओळ मोकळी सोडली असेल तर ती मोकळी ओळसुद्धा त्याच दोन-तीन ओळींतली एक खाते.

आर्टिकलचं तसं नाही. त्याला टायटल असतं, वर कव्हर इमेज असते, आणि वाचक त्यावर क्लिक करून आत येतो. कधी गूगलवरून येतो, कधी कुणीतरी लिंक पाठवली म्हणून येतो, तुम्ही लिहिल्यानंतर वर्षभराने पण येऊ शकतो. त्याने ठरवलेलं असतं की मला हे वाचायचंय. त्यामुळे त्याला चिमटा काढून जागं करायची गरज नाही, त्याला हवं ते कुठे आहे एवढं पटकन सापडलं पाहिजे.

उदाहरण घेऊ. समजा विषय आहे डिझाइनचं ब्रीफ, म्हणजे क्लायंटला नेमकं काय हवंय ते, नीट लिहून घेणं. पोस्टची सुरुवात बरेच जण अशी करतात: 'आजच्या वेगवान डिजिटल युगात प्रभावी संवादाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' इथेच 'मोर' आलं आणि वाचक गेला, कारण या वाक्यात त्याच्यासाठी काहीच नाही, हे वाक्य इन्शुरन्सच्या पोस्टला पण चालेल. त्याऐवजी: 'क्लायंटने डिझाइन तिसऱ्यांदा परत पाठवलं. रंग आवडला नाही म्हणे. ब्रीफमध्ये रंगाबद्दल एक शब्द नव्हता.' आता ज्याने कधी क्लायंटचं काम केलंय तो थांबणारच. पण हेच तीन तुकडे आर्टिकलचं टायटल म्हणून टाकले तर कुणाच्या हाताला लागणार? असं कुणी सर्च करत नाही. तिथे सरळ 'डिझाइन ब्रीफ कसं लिहून घ्यायचं: क्लायंटला विचारायचे प्रश्न' असं सपक वाटणारं टायटलच कामाचं. पोस्टमध्ये जे कंटाळवाणं ते आर्टिकलमध्ये उपयोगी, असं बऱ्याचदा होतं.

आता फॉरमॅटिंग, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आर्टिकलच्या एडिटरमध्ये हेडिंग आहे, बोल्ड-इटालिक आहे, नंबरची यादी आहे, अवतरण आहे, मधे फोटो टाकता येतो, शब्दावर लिंक देता येते. पोस्टच्या चौकोनात यातलं बोल्डसुद्धा नाही. तुमच्याकडे आहे काय तर ओळ तोडणं, मोकळी ओळ, आणि फार तर इमोजी. म्हणून आर्टिकलचा मजकूर कॉपी करून पोस्टमध्ये चिकटवला की हेडिंगं सपाट होऊन सगळा एकच गठ्ठा दिसतो. आणि व्हॉट्सॲपच्या सवयीने शब्द बोल्ड करायला दोन्ही बाजूंना चांदण्या (*) लावल्या तर इथे त्या चांदण्याच राहतात, एआयकडून लिहून आणलेल्या पोस्ट तर त्या दुहेरी चांदण्यांवरूनच ओळखू येतात.

मग लोकं 'बोल्ड टेक्स्ट जनरेटर' वापरतात, म्हणजे साधा मजकूर टाकला की जाड अक्षरांत काढून देणारी वेबसाइट. ती अक्षरं बोल्ड नसतातच! २००१ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सगळ्या अक्षर-चिन्हांच्या जागतिक यादीत, गणितासाठी म्हणून वेगळी चिन्हं घातली गेली, समीकरणात जाड अक्षराचा अर्थ साध्या अक्षरापेक्षा वेगळा असतो म्हणून, आणि जनरेटर तुमच्या रोमन अक्षरांच्या जागी ती गणिताची चिन्हं आणून ठेवतो. डोळ्याला छान दिसतं. पण ज्याला दिसत नाही आणि जो स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकतोय त्याला काही ठिकाणी प्रत्येक अक्षरामागे 'मॅथमॅटिकल बोल्ड' असं ऐकू येतं नाहीतर तो शब्दच गाळला जातो. आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तर हा प्रश्नच मिटलाय, त्या संचात देवनागरी नाहीच, जनरेटरमध्ये मराठी टाकलं की जसंच्या तसं बाहेर येतं. मला विचाराल तर बरंच झालं. पोस्टमध्ये एखादं वाक्य ठळक करायचंय ना, त्याला एकट्याला एका ओळीवर ठेवा, वर-खाली मोकळी ओळ, झालं काम.

पण याचाही अतिरेक होतो हं. प्रत्येक वाक्यानंतर एंटर.

मग मोकळी ओळ.

मग तीन शब्द.

याला इंग्रजीत थट्टेने 'ब्रोएट्री' ('ब्रो' अधिक 'पोएट्री') नाव पडलंय, आणि आता वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींतच कळतं की पुढे उगाच ताणलेली गोष्ट येणारे. दोन-तीन वाक्यांचा छोटा परिच्छेद फोनवर व्यवस्थित वाचता येतो, लोकांना एवढंही वाचवत नाही असं धरून चालायचं काही कारण नाही. आर्टिकलमध्ये तर हा प्रकार अजिबात नको, तिथे परिच्छेद परिच्छेदासारखाच हवा आणि दर काही परिच्छेदांनी एक हेडिंग, म्हणजे घाईतला माणूस थेट त्याला हवं तिथे उतरेल.

कधी काय, याचा माझा हिशोब सोपा आहे. ज्यावर लोकांनी बोलावं असं वाटतं, म्हणजे मत, अनुभव, कामावर घडलेलं काहीतरी, एखादा प्रश्न, ते पोस्टमध्ये, कारण गप्पा कमेंटमध्ये होतात आणि आर्टिकलखाली फारसं कुणी बोलत नाही. जे लोकांनी पुन्हा उघडून बघावं, पद्धत, चेकलिस्ट, सविस्तर केस स्टडी, ते आर्टिकलमध्ये. पोस्ट काही दिवसांत फीडच्या तळाशी जाते आणि मग तुम्हाला स्वतःला पण शोधायला कष्ट पडतात. न्यूजलेटर म्हणजे आर्टिकलांचीच मालिका, फक्त लोकं सबस्क्राइब करतात आणि नवीन अंक आला की त्यांना कळवलं जातं, दर महिन्याला लिहिणं जमणार असेल तरच त्या वाटेला जा.

आणि एक गोष्ट जी बहुतेक जण मोकळी सोडतात. आर्टिकल पब्लिश करताना लिंक्डइन एक छोटा चौकोन देतं, तुमच्या नेटवर्कला हे कशाबद्दल आहे ते सांगा म्हणून. तो चौकोन म्हणजे पोस्टच आहे! आर्टिकल फीडमध्ये जातं ते त्या मजकुराच्या खाली कार्ड म्हणून. तिथे काहीच लिहिलं नाही किंवा 'माझा नवीन लेख, नक्की वाचा' एवढंच लिहिलं की आठवडाभर खपून लिहिलेलं आर्टिकल नुसत्या टायटलच्या भरवशावर फीडमध्ये सोडल्यासारखं होतं. तिथे क्लायंट आणि रंगाचा तो किस्सा टाका, तीन ओळींत, आणि प्रश्नांची यादी आत आहे असं सांगा.