ग्रँड ज्युरी नक्की कोणाच्या बाजूची?

२०२३ मधे मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीने ट्रम्पवर आरोप ठेवले तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटलं की झालं, दोषी ठरला. तसं नसतं हो. दोषी की निर्दोष ठरवणारी ज्युरी वेगळी, नानावटी केसमधे होती तसली. ग्रँड ज्युरी एवढंच बघते की खटला भरण्याइतपत पुरावा आहे का.

सुरुवात पार ११६६ मधली. इंग्लंडचा दुसरा हेन्री ठिकठिकाणच्या बारा बारा माणसांना शपथ घालून विचारायचा, तुमच्या भागात चोर दरोडेखोर कोण ते सांगा. म्हणजे सगळी सोय राजाचीच. जनतेची ढाल हे नाव चिकटलं ते १६८१ नंतर. दुसऱ्या चार्ल्सला शाफ्ट्सबरी नावाच्या विरोधकाला राजद्रोहात अडकवायचं होतं, लंडनच्या ग्रँड ज्युरीने सांगितलं आम्ही साक्षी बंद खोलीत ऐकणार, न्यायाधीश म्हणाले नाही, इथंच भर कोर्टात सगळ्यांसमोर ऐका. ऐकल्या, आणि तरी आरोपपत्राच्या पाठीवर 'इग्नोरेमस' लिहून परत केलं, म्हणजे आरोप नामंजूर. गुप्तता तेव्हा ज्युरीला हवी होती, सरकारला नको होती, हे लक्षात ठेवा.

अमेरिकेने हीच ढाल १७९१ मधे पाचव्या घटनादुरुस्तीत घातली, म्हणजे गंभीर गुन्ह्यात ग्रँड ज्युरीच्या मंजुरीशिवाय खटला नाही. पण १८८४ च्या हुर्टाडो निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की ही सक्ती राज्यांवर नाही, त्यामुळे आज राज्याराज्यात वेगळा कारभार.

फेडरल म्हणजे केंद्राच्या ग्रँड ज्युरीत १६ ते २३ लोक, आरोप ठेवायला १२ मतं पुरतात. आत जज नाही, आरोपीचा वकील नाही, साक्षीदाराला सल्ला हवा असेल तर उठून बाहेर कॉरिडॉरमधे उभ्या असलेल्या वकिलाला विचारून यायचं. पुरावा काय दाखवायचा ते सरकारी वकील ठरवणार. सुप्रीम कोर्टाने त्याला मोकळीकही देत नेली, १९५६ मधे ऐकीव माहिती चालेल म्हणाले, १९७४ मधे बेकायदा झडतीत सापडलेलं चालेल म्हणाले, आणि १९९२ च्या विल्यम्स केसमधे तर ५ विरुद्ध ४ ने ठरलं की आरोपीच्या बाजूचा पुरावा हातात असला तरी ज्युरीला दाखवायची सक्ती नाही. मला हा निकाल अजिबात पटत नाही. बंद दाराचा फायदा आता सरळ सरकारला मिळतो.

इंग्लंडने तर १९३३ मधेच ग्रँड ज्युरी जवळपास गुंडाळली. अमेरिकेत घटनेतच बसलीये, काढणं सोपं नाही, पण नियम बदलता येतात, न्यूयॉर्कमधे आरोपीला ग्रँड ज्युरीपुढे स्वतः बोलायचा हक्क कायद्यानेच दिलाय.